मक्तब आणि मराठी शाळा

तालीम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाल माती येते, लंगोट येतो, कोपऱ्यातला मारुती येतो आणि दम देणारा वस्ताद येतो. भोरच्या पेठेत काय किंवा वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात काय, "पोरगं तालमीत जातं" असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. पण तालीम हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ शिकवणे एवढाच आहे. वस्ताद म्हणजे उस्ताद, म्हणजे शिक्षक. आपण हे दोन्ही शब्द उचलले आणि आखाड्यात नेऊन ठेवले, इतकेच.

आणि शाळेत तरी काय आहे? पोराच्या पाठीवर दप्तर असते. गुरुजी हजेरी घेतात. कागद, कलम, शाई, पूर्वीची ती दौत, सगळे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. शाळेची अर्धी सामग्री ज्या वाटेने आली त्या वाटेने शिक्षणाचा काही विचारही आला असेल की नाही? तो विचार काय होता, शाळा चालवणाऱ्याकडून त्याची अपेक्षा काय होती, आणि आज आपल्या भोर-वेल्ह्याच्या मास्तरांना त्याचा उपयोग काय, एवढेच आज बोलायचे आहे. (वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे, पण बोलताना आपण वेल्हेच म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणतो.)

आपल्याकडे मुसलमानांची वस्ती थोडी आणि विखुरलेली. कुठे चार घरे मुलाण्यांची, कुठे दोन आतारांची, बाजारपेठेच्या गावी तांबोळी आणि शेख. पण ती आजची नाही. जुन्या महाराष्ट्रात गावगाड्यात मुलाणा होता, बलुतेदारांत त्याची गणना होत असे. मशिदीची झाडलोट आणि दिवाबत्ती, जत्रेत बकऱ्यावर सुरी फिरवणे ही त्याची कामे, आणि गावातल्या मुसलमान पोरांना दोन अक्षरे शिकवायची तीही बहुधा त्यानेच.

हे शिकवणे अजूनही चालते. त्याला मक्तब म्हणतात. लिहिणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द निघाला आहे. किताब त्याच धातूतला. सकाळी किंवा संध्याकाळी तासदीड तास मुले मशिदीत चटईवर बसतात. समोर रेहल, म्हणजे दोन फळ्यांची उघडमीट होणारी लाकडी घोडी, आणि तिच्यावर पुस्तक. पहिल्या पुस्तकाचे नाव 'कायदा'. आपल्या लेखी कायदा म्हणजे कोर्टकचेरी. तिथे कायदा म्हणजे अंकलिपी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाया. कायदा संपला की सिपारा, कुराणाच्या तीस भागांतला एकेक. मान डोलवत, सुरात, मोठ्याने पाठ चालतो. जुन्या वेदशाळेत किंवा पंतोजींच्या शाळेत ज्यांनी पाढ्यांचा गजर ऐकला असेल त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. मक्तब आणि मदरसा एकच समजले जातात. मदरसा म्हणजे पूर्णवेळ धर्मविद्येची शाळा, बहुतेक ठिकाणी राहण्याजेवण्याची सोय असलेली. मक्तब हा दिवसातला एक तास. त्या मक्तबातून उठलेले पोर दहा वाजता जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमच्याच समोर येऊन बसते. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने हे स्पष्ट केले होते की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्केच आहेत. म्हणजे बाकीच्यांचा प्रश्न मदरशाचा नाहीच. तो तुमच्या-माझ्या शाळेचा आहे.

आता विचाराकडे वळू. इस्लामी परंपरेत शिक्षणाला तीन शब्द आहेत. पहिला तालीम, तो आपण पाहिला. दुसरा तर्बियत, म्हणजे वाढवणे, जोपासणे. गंमत अशी की आवळ्याचा मुरब्बा ज्याला आपण म्हणतो तो शब्द याच्याच कुळातला. मुरब्बा म्हणजे जोपासलेला, मुरवलेला. फळ एका दिवसात मुरत नाही. पाक फार कडक झाला तर ते आक्रसते, फार पातळ राहिला तर बुरसते. ज्या बाईने मुरब्बा घातला आहे तिला हे शिकवावे लागत नाही. तिसरा शब्द तादीब, म्हणजे अदब लावणे. अदब म्हणजे नुसते वाकून सलाम करणे नव्हे. प्रत्येक गोष्टीची जागा ओळखणे आणि तिला त्या जागी मान देणे, असा त्याचा अर्थ विचारवंत लावतात. १९७७ साली मक्केत मुस्लिम शिक्षणाची पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा या शब्दांचा पुन्हा कीस निघाला, आणि मलेशियातले सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी पुढे असा आग्रह धरला की शिक्षणाला खरा शब्द तादीबच. मला स्वतःला त्यांचे म्हणणे पुरते पटत नाही. अदब आधी आणि जोपासना मागून असे झाले की पोर गप्प बसायला तेवढे शिकते.

याहून महत्त्वाची जोडी दुसरी आहे. इस्लामी विद्यांचे दोन भाग मानत. एक नक्ल, म्हणजे जे परंपरेने हातोहात आले ते: कुराण, पैगंबरांची वचने, त्यांवरची भाष्ये. दुसरा अक्ल, म्हणजे जे बुद्धीने मिळवायचे ते: तर्कशास्त्र, गणित, वैद्यक, ज्योतिष. मराठीत येता येता या दोन्ही शब्दांचे काय झाले पाहा. नक्कल म्हणजे कॉपी झाली, परीक्षेतला गुन्हा झाला. अक्कल मात्र तशीच राहिली. आणि आपण वर म्हणतो, नक्कल करायलाही अक्कल लागते! या म्हणीत, कुणी ठरवून केले नसेल, पण मुस्लिम जगातला हजार वर्षांचा वाद साठला आहे. घोकंपट्टी किती आणि विचार किती, हा तो वाद.

गझाली या वादात मधोमध उभा आहे. त्याचा काळ १०५८ ते ११११. बगदादच्या निजामिया मदरशात, त्या काळच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठात म्हणा ना, १०९१ साली त्याची मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक झाली. चार वर्षांनी त्याने ती गादी सोडली. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की नावासाठी, या प्रश्नाने त्याची वाचा बसली होती. पुढे फकिरीत हिंडून, अनेक वर्षांनी तो पुन्हा शिकवायला बसला. या माणसाने ज्ञानाचे दोन विभाग केले. एक, जे प्रत्येकाला आलेच पाहिजे: श्रद्धा, प्रार्थना, रोजच्या व्यवहारातले बरेवाईट. दुसरे, जे गावातल्या काहींना आले तरी भागते. पण कुणालाच आले नाही तर सगळे गाव दोषी ठरते. या दुसऱ्या विभागात त्याने काय घातले? वैद्यक घातले, हिशेब घातला; शेती, विणकाम आणि शिवणकामसुद्धा घातले. आणि तक्रार केली की शहरेच्या शहरे अशी आहेत जिथे मुसलमान वैद्य मिळत नाही, आणि सगळे मात्र कज्जेदलालीच्या शास्त्रामागे लागले आहेत, कारण त्यात पद आहे, पैसा आहे.

म्हणजे गावातल्या मुलीने परिचारिका होणे, मुलाने गणित शिकणे हे दीन सोडून दुनियेच्या मागे जाणे नव्हे. ते न झाले तर गाव दोषी. एखादा पालक मुलीला सातवीनंतर घरी बसवू लागला तर त्याला हे सांगता येते, आणि मौलानांच्या तोंडून सांगवले तर अधिक चांगले. ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक आहे हे पैगंबरांचे वचन प्रसिद्धच आहे. मुलींना त्यातून कुणी वगळलेले नाही.

दुसरा माणूस इब्न खल्दून, १३३२ ते १४०६. उत्तर आफ्रिकेत जन्मला, न्यायाधीश झाला, तुरुंगातही बसला, आणि जगाच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहून गेला जी मूळ इतिहासापेक्षा मोठी ठरली. त्यात शिक्षणावर प्रकरणे आहेत. छडीच्या धाकात वाढलेले मूल आळशी होते, खोटे बोलायला शिकते, वरून एक आणि आतून एक असे वागू लागते, आणि पुढे हीच त्याची प्रकृती बनते, असे त्याने सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. विषय तीन फेऱ्यांत शिकवावा, आधी ढोबळ, मग सविस्तर, मग अवघड जागा उकलून, हेही त्याचेच. एका जुन्या काजीचे मत त्याने दिले आहे: पोराला आधी भाषा आणि काव्य शिकवा, मग हिशेब, आणि मग कुराण, म्हणजे त्याला जे वाचतो ते समजेल. इब्न खल्दून म्हणतो, सूचना उत्तम आहे, पण रूढी तिच्या आड येते. शहाणा माणूस होता. रूढीशी भांडण न काढता त्याने सूचना तेवढी नोंदवून ठेवली.

या विषयावर आपल्या डोंगरांशीच नाते सांगणारी एक गोष्ट आहे. १७०४ साली औरंगजेब बादशहा म्हातारपणी गुंजण मावळात उतरला होता. राजगड घेतला, मग तोरणा घेतला आणि तोरण्याला फुतुहुल्गैब असे नाव दिले. ती नावे फार टिकली नाहीत. पण याच बादशहाविषयी बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्याने, तो त्या आधी कितीतरी वर्षे दिल्लीच्या दरबारात होता, एक प्रसंग लिहिला आहे. बादशहाचा बालपणीचा शिक्षक बक्षिसाच्या आशेने दरबारात आला. बादशहाने त्यालाच फैलावर घेतले. तुम्ही मला युरोप म्हणजे एक लहानसे बेट असे सांगितलेत. शेजारच्या राज्यांचे बळ किती, त्यांची युद्धाची रीत काय, राजाने प्रजेशी कसे वागावे, यातले काही शिकवले नाहीत. वर्षानुवर्षे अरबी व्याकरण तेवढे घोकून घेतलेत. बर्निएने त्यात मीठमसाला किती घातला कोण जाणे. परदेशी प्रवासी घालतातच. पण तक्रार खरी वाटते. आणि अभ्यासक्रम बदलायची ताकद ज्याच्या हातात होती त्यानेच ती केली, हे मला अधिक बोचते.

आता शाळा चालवणाऱ्याविषयी. मूल ही आईबापांच्या हाती दिलेली अमानत आहे, असे गझाली म्हणतो. अमानत म्हणजे आपली अनामत. बँकेत, दुकानात आपण अनामत ठेवतो. ती आपली असते आणि परत मागता येते. शाळेचा प्रमुख हा या अर्थाने अनामत सांभाळणारा आहे, मालक नव्हे. पैगंबरांच्या वचनांत प्रमुखाला मेंढपाळाची उपमा आहे, आणि कळपाचा जाब त्याला द्यावा लागेल अशी आठवण. आपल्या धनगरवस्त्यांवरच्या माणसाला यातली जबाबदारी पुस्तकाविना समजेल. संध्याकाळी मेंढरे मोजायची असतात. हजेरीपटावर नाव आहे आणि पोर नाही, असे किती दिवस चालू द्यायचे?

शाळा चालवण्याची दोन-तीन उदाहरणे सांगतो. देवबंदचा मदरसा १८६६ साली सुरू झाला तो एका मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी यांच्यावर. दोघांचेही नाव महमूद. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांनी आठ नियम लिहून ठेवले. त्यांचा गाभा असा: पैसा सामान्य माणसांच्या वर्गणीतून यावा, सरकार किंवा बड्या धनवंताच्या भरवशावर राहू नये, आणि मोहतमीम, म्हणजे व्यवस्थापक, याने सल्लागार मंडळाशी मसलत केल्याशिवाय मोठी गोष्ट करू नये, आपलेच खरे असा हट्ट कुणी धरू नये. देवबंदच्या अभ्यासक्रमाविषयी तुमचे मत काही असो, माझेही आहे. पण या नियमांवर ती संस्था दीडशे वर्षांहून अधिक उभी आहे.

त्याच सुमारास, १८७४ साली, मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली ती वेगळ्या वाटेने: इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवणारी शाळा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था काढली, वसतिगृह उभे केले आणि संस्थेचे अध्यक्षपद स्वतः घेतले. छत्रपतीने मुसलमान पोरांच्या बोर्डिंगचे अध्यक्ष व्हावे याचे तेव्हा कितीकांना नवल वाटले असेल!

पण माझ्या मनात घर करून आहेत ते झाकिर हुसेन. दिल्लीच्या जामिया मिल्लियाची सूत्रे १९२६ साली त्यांनी हाती घेतली तेव्हा ते तिशीच्याही आतले होते. पुढच्याच वर्षी हकीम अजमल खान वारले आणि संस्थेची तिजोरी रिकामी पडली. तेव्हा शिक्षकांनी वीस वर्षे सेवेची शपथ घेतली आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक घेणार नाही असे ठरवले. झाकिर हुसेन स्वतः त्याहूनही कमी घेत. मुले मळके बूट घालून येत, सांगून ऐकत ना, तेव्हा हे गृहस्थ ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. गझालीने वाकड्या काठीचा आणि तिच्या सावलीचा दृष्टांत दिला आहे. आपण म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. त्या योजनेला नाव पडले नई तालीम. बघा, तालीम पुन्हा एकदा महाराष्ट्रात आली, यावेळी टकळीवर सूत काढत. पुढे झाकिर हुसेन राष्ट्रपती झाले. पण मुख्याध्यापकांनी त्यांचे चरित्र वाचावे ते त्यासाठी नव्हे.

आणखी एक माणूस, पुण्याचाच. जोतीराव फुल्यांची शाळा सुटली होती, पोर मळ्यात राबत होते. त्यांच्या वडिलांची समजूत घालून त्याला पुन्हा शाळेत पाठवायला लावले ते गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी. मुन्शी म्हणजे उर्दू-फारसी शिकवणारे शिक्षक. शेजाऱ्याच्या पोराची शाळा सुटली आहे याची त्यांना टोचणी लागली, म्हणून महाराष्ट्राचा इतिहास बदलला. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या एका पत्रात फातिमा हे नाव आहे. आपण आजारपणात माहेरी असताना तिच्यावर कामाचा भार पडला असेल याची त्यांना काळजी वाटते आहे. पुण्याच्या त्या शाळांत हे असे होते.

तर मग भोर-वेल्ह्यात आज काय करायचे? माझ्या मते पहिली गोष्ट इतकी साधी आहे की ती कुणी करत नाही. मक्तबाचे मौलाना आणि शाळेचे गुरुजी यांनी एकदा भेटावे. एकच पोर सकाळी एकाचे आणि दहानंतर दुसऱ्याचे. पण दोघांची तोंडओळखही नसते. मौलाना बहुधा दूरच्या प्रांतातून आलेले, त्यांना मराठी येत नाही. गुरुजी बदलीने आलेले, त्यांना वस्ती ठाऊक नाही. ज्या पोराला अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचता येतात त्याला देवनागरी का जमत नाही, याचा उलगडा दोघांनी मिळून करावा. कदाचित असे दिसेल की तिथे ते सुरात म्हणते म्हणून लक्षात राहते, आणि इथे त्याला कुणी मोठ्याने वाचूच देत नाही.

भाषेचे दुखणेही आहे. घरी दखनी, मशिदीत अरबी-उर्दू, शाळेत मराठी. आपल्या विखुरलेल्या वस्त्यांना उर्दू शाळा परवडणारी नाही आणि मिळणारीही नाही. मराठी शाळा हीच त्यांची शाळा. आणि मराठी त्यांना परकी का वाटावी? श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहून गेले. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. मुसलमानांनी मराठीतून शिकावे याचा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्या बाकीच्या मतांवर वाद झाले, अजून होतात. या एका मतावर वाद करायला मला जागा दिसत नाही.

सरकारचे म्हणाल तर २०१५ साली राज्य शासनाने असे ठरवले की जे मदरसे गणित, विज्ञान असे विषय शिकवत नाहीत तिथली मुले शाळाबाह्य समजावीत. तेव्हा मोठा गदारोळ झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात मदरशांत हे विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचे मानधन महिना ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. या गोष्टी मदरशांपुरत्या. आपल्याकडचा प्रश्न निराळा आहे. डोंगरातल्या लहान शाळांची पटसंख्या घटत चालली आणि पानशेतला समूह शाळा झाली. आसपासच्या वाड्यांतली मुले आता गाडीने तिथे जातात. सोय चांगली आहे, मी तिला नाव ठेवत नाही. मात्र जिथे जिथे अशी गाडी येईल तिथे सकाळची वेळ बदलेल. मक्तब आणि गाडी यांची गाठ पडली तर पोर दोन्हींपैकी एकाला मुकेल, आणि बाप कोणते निवडील हे आपण त्याच्यावर सोडून मोकळे होऊ. मक्तब संध्याकाळी नेता येते. गाडीही दहा मिनिटे मागेपुढे करता येते. त्यासाठी कुणीतरी विचारायला हवे.

विचारायची जागाही आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. नानौतवींचे सल्लागार मंडळ म्हणा, आपली गावकीची मसलत म्हणा, सरकारने ती कागदावर आणून ठेवली आहे. त्या समितीत मुलाण्यांच्या घरातली एखादी आई असू द्या, आणि तिला नुसती सहीपुरती बोलावू नका. बैठकीचा दिवस ठरवताना आपण बाजाराचा वार टाळतोच. तसा शुक्रवारी दुपारी एक ते अडीचचा वेळही टाळावा. त्या वेळी नमाजाला माणसे जमलेली असतात, आणि बैठक तीनला ठेवली तर मौलानासुद्धा येऊ शकतात.